न खाल्लेल्या जेवणाचं बिल

अमेरिकेत नोव्हायला आम्ही नवीन आलो तेव्हा ज्या काकांनी आम्हाला विमानतळावरून स्वतःच्या घरी नेलं, आठवडाभर ठेवून घेतलं, माझ्या अंगावर काकूंचा जुना कोट चढवून मला गाडी शिकवली, त्यांचंच पत्र एका सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावर आलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मला कळलं. दर वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची निमंत्रणं त्याच अक्षरात यायची.

मी तेव्हा एका कलेक्शन एजन्सीत नोकरीला होते. लोकांनी हॉस्पिटलचं, डेंटिस्टचं, फर्निचरच्या दुकानाचं बिल थकवलं की वसुलीचं काम ज्या ऑफिसकडे जातं, ते हे ऑफिस. ओळखीपाळखीत मी ‘एका ऑफिसात टायपिंग करते’ एवढंच सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. लग्नाआधी अमरावतीला इंग्रजी चाळीसची टायपिंगची परीक्षा पास झाले होते, ती इथे कामी आली. ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं होती. गाड्यांच्या धंद्यात जिकडेतिकडे ले-ऑफ चालले होते. माझ्या नवऱ्याची नोकरी टिकली होती, पण पगार कापला होता आणि पुढच्या महिन्याचं कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे जी मिळाली ती नोकरी मी घेतली.

ऑफिसात एक मोठी खोली होती, तिथे फोनवाले बसत. त्यांचा आवाज दिवसभर भिंतीतून यायचा. शेजारच्या लहान खोलीत पत्रांचं काम करणाऱ्या आम्ही तिघी बायका. ज्यांनी ‘मला फोन करू नका, जे काय ते लिहून कळवा’ असं कळवलेलं असे, त्यांच्या फाइली आमच्याकडे यायच्या. उत्तर मात्र आम्ही लिहायचं नसे. मशीनमध्ये तयार पॅराग्राफ भरलेले होते, प्रत्येकाला नंबर. समोरच्याचं पत्र वाचायचं, दोन-तीन नंबर निवडायचे, दाबायचे, की छापलेलं पत्र बाहेर. स्वतःचं एकही वाक्य घालायचं नाही. काय लिहायचं आणि काय नाही हे कायद्याने बांधलेलं होतं, आणि एखादा शब्द वावगा गेला तर एजन्सीवरच दावा लागायचा. सहीसुद्धा माझी नव्हती. प्रत्येक टेबलाचं एक नाव ठरलेलं असे. माझ्या टेबलाचं नाव एका अमेरिकन बाईचं होतं, जी तिथे कधीच नव्हती. माझ्या आधी त्या खुर्चीत बसणारीही त्याच नावाने सही करायची.

काकांचं पत्र त्या बाईला होतं. सुरुवातच ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ अशी. पुढे दोन पानं बारीक अक्षरात. आपली आई सांगलीहून भेटायला आली, बाथटबमध्ये पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हॉस्पिटलने उत्तम काळजी घेतली, त्याबद्दल आपण आजन्म ऋणी आहोत. नोकरी होती तोवर दर महिन्याला हप्ता न चुकता भरला. मार्चपासून नोकरी नाही. मिळाली की पुन्हा भरू. तोवर कृपया घरी फोन करू नये, कारण फोन वाजला की पत्नीला धडधडतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. आजी पडल्या तेव्हा काकू नोकरीला जायच्या आणि मी घरीच होते, म्हणून दुपारी मीच हॉस्पिटलात जायची. नोकरी गेल्याचंही माहीत होतं. पण बिल एजन्सीकडे गेल्याचं काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मला ते कळायला नको होतं.

मी फाइल घेऊन सुपरवायझरकडे गेले. मोठी, थकलेली बाई होती, सकाळपासून डाएट सोड्याचे कॅन प्यायची. मी म्हटलं, हे माझ्या ओळखीचे आहेत.

“नातेवाईक?”

“नाही. आमच्या समाजातले.”

“तुमच्यात सगळेच सगळ्यांना ओळखतात,” ती म्हणाली. “नातेवाईक नसतील तर नियमाप्रमाणे तू ठेवू शकतेस. नको असेल तर सांग, फोनवाल्यांकडे देते. बाकी दोघींची टेबलं भरलेली आहेत.”

“पण त्यांनी फोन नको म्हटलंय.”

“घरी नको म्हटलंय. सगळा संपर्क बंद करा असं लिहिलेलं नाही. फोनवाले बघतील काय ते.”

मी फाइल परत घेऊन आले. आणि कुणाच्याही खात्याबद्दल बाहेर एक शब्द बोलले तर त्याच दिवशी नोकरी सोडून घरी जायचं, असं पहिल्या दिवशी सही करून दिलेलं होतं. म्हणजे काकांना जाऊन सांगताही येईना. घरी नवऱ्याला म्हटलं, आज एक ओळखीचं खातं आलंय. तो जेवत होता. म्हणाला, “कुणाचं ते मला सांगू नकोस.” थोड्या वेळाने म्हणाला, “नोकरी सांभाळ गं.” त्याने ओळखलं होतं असं मला वाटतं.

मग त्या उन्हाळ्यात काका आणि ती नसलेली बाई एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. मी जमतील तितके मऊ पॅराग्राफ निवडायची, पण मऊ असे दोन-तीनच होते. ‘आपल्या परिस्थितीची आम्हाला कल्पना आहे’ हा त्यातला एक. बाकी सगळे ‘तथापि’ने सुरू होणारे. काका प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचे. मशीनने ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे’ म्हटलं की ते सहकार्य म्हणजे नेमकं कसं करता येईल याची अर्धं पान चर्चा करायचे. एकदा त्यांनी लिहिलं, ‘तुमच्या मागच्या पत्रातला सहानुभूतीचा सूर वाचून मला आणि माझ्या पत्नीला फार बरं वाटलं.’ तो पॅराग्राफ मी त्या दिवशी आणखी बऱ्याच जणांना पाठवला होता.

एक गोष्ट मला करता आली. बिलाबद्दल शंका असेल तर लेखी कळवा, आम्ही तपशील मागवून पाठवू, असाही एक पॅराग्राफ होता. सहसा तो पहिल्याच पत्रात एकदा बारीक अक्षरात जायचा आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढत नसे. मी तो पुन्हा टाकला, वरच घातला. काकांनी लगेच तपशील मागवला. तपशील येईपर्यंत वसुली थांबवावी लागते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या बिलात कुठेतरी चूक निघेलच. हॉस्पिटलांच्या बिलांत चुका असतात असं ऑफिसात सगळेच म्हणायचे. ते काही आठवडे मी जरा मोकळी झोपले.

बिल आधी माझ्याच टेबलावर आलं. पाठवण्याआधी मी ते ओळ न् ओळ वाचलं. ऑपरेशन, भूल, खोली, औषधं, एक्स-रे, वॉकर. मला तरी त्यात काही चुकलेलं दिसलं नाही. पाकिटात घालून पाठवून दिलं.

त्या शनिवारी काका आमच्या घरी आले. बरोबर त्यांची मुलगी होती, हायस्कूलमधली. गाडी तीच चालवत होती, कारण तिला लायसन्ससाठी सराव हवा होता. काकांच्या हातात एक फाइल. आत काय असणार ते मला कळलं, पण मी तसं दाखवलं नाही. चहा ठेवला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काकांनी पहिल्यांदाच आम्हाला सगळं सांगितलं, बिलाचं, एजन्सीचं. माझा नवरा खिडकीबाहेर बघत होता.

“तिथे एक बाई आहे,” काका म्हणाले. “सज्जन आहे. तिनेच सुचवलं तपशील मागवा म्हणून. आता बघ, हे मिळालं.” त्यांनी बिलाचे कागद पसरले. एका ओळीखाली लाल पेनने रेघ होती. आहार. रोजचा आकार, आणि ती ओळ प्रत्येक दिवशी पुन्हा आलेली. “आईने तिथल्या अन्नाचं शीतही खाल्लं नाही. चहासुद्धा घेतला नाही त्यांचा. तुला माहितीये.”

मला माहीत होतं. आजी कुणाच्याही हातचं खात नसत असं नाही, पण हॉस्पिटलातल्या भांड्यांत काय काय शिजत असेल या विचारानेच त्यांचा घास अडायचा. मी दुपारी थर्मासमध्ये मऊ भात आणि वरण घेऊन जायची, वर तूप, एका डबीत लिंबाचं लोणचं. संध्याकाळचं काकू नेत.

“काका, पण हे सगळं धरून बिलाच्या मानाने...” मी म्हटलं.

“थोडंच आहे. माहितीये मला. पण जे घेतलंच नाही त्याचे का द्यायचे? आणि एक चूक त्यांनी मान्य केली ना, की बाकीचं पण परत बघतील. तू एक कर. साक्ष म्हणून लिहून दे. तू रोज डबा न्यायचीस, ते अन्न तसंच परत जायचं, एवढंच. मी माझ्या पत्राबरोबर जोडतो. बाहेरच्या माणसाने लिहिलं की वजन पडतं.”

मुलगी म्हणाली, “डॅड, जस्ट कॉल देम. लाइक अ नॉर्मल पर्सन.”

“फोनवर बोललेलं हवेत जातं,” काका म्हणाले. “लिहिलेलं राहतं.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “काका, तिच्या लिहिण्याने काय फरक पडणार?” काकांना ते कळलं नाही. ते म्हणाले, “तिच्याशिवाय कुणी बघितलंय?” माझं टायपिंग चांगलं म्हणून त्यांनी टाइपरायटर काढायला सांगितला.

मी लिहिलं. आपलीच फाइल आपण भरतोय हे माहीत असून लिहिलं, कारण नाही म्हणायला मला एकही कारण सापडलं नाही जे मी तोंडाने सांगू शकत होते. आणि जे लिहीत होते ते खरं होतं. मी रोज दुपारी जात असे. रुग्ण शाकाहारी होत्या. रोज जेवणाचा ट्रे येई, पलंगाशेजारी ठेवला जाई, आणि झाकण न उघडता तसाच परत जाई. काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. “हे फर्स्ट क्लास झालं,” ते म्हणाले. “झाकण न उघडता. अगदी डोळ्यांसमोर येतं.” खाली मी माझं पूर्ण नाव टाइप केलं आणि सही केली. नवरा उठून गॅरेजमध्ये गेला.

मंगळवारी ते पाकीट ऑफिसात माझ्या टपालाच्या ट्रेमध्ये होतं. मी ते उघडलं, काकांचं पत्र वाचलं, मग माझं. नंबर शोधले. साक्षीला उत्तर देणारा पॅराग्राफ नव्हता. माझ्याच सहीचा कागद फाइलमध्ये ठेवून वर त्या बाईची सही करून उत्तर पाठवायचं हे मला जमेना. ते दडवून ठेवलं असतं तर काकांचा पुरावा गेला असता. मी दोन्ही कागद घेऊन सुपरवायझरकडे गेले.

तिने वाचलं. खालचं नाव वाचलं. ऑफिसात मला सगळे माझ्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन हाक मारायचे, त्यामुळे तिला जोडायला जरा वेळ लागला.

“ही तू आहेस?”

“हो.”

“तू त्यांना सांगितलंस तू इथे काम करतेस?”

“नाही. त्यांना माहीत नाही.”

तिने कॅनमधला शेवटचा घोट घेतला आणि पत्र परत वाचलं. मग बोट ठेवून मला दाखवलं. “इथे तूच लिहिलंयस. ट्रे रोज यायचा.”

“पण त्यांनी खाल्लं नाही. कधीच नाही.”

“हॉस्पिटल ट्रेचे पैसे घेतं, हनी. खाण्याचे नाही. ट्रे आलाच नाही असं असतं तर मी स्वतः फोन केला असता त्यांना. तू तर लेखी दिलंस की तो आला.”

मला वाटतं ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नव्हती. ती म्हणाली की हे सगळं तिने वर सांगितलं तर मला जावं लागेल, म्हणून ती सांगणार नाही, पण फाइल आता माझ्याकडे राहू शकत नाही. तिने माझ्यासमोर फाइल उचलली आणि दार उघडून मोठ्या खोलीतल्या एका टेबलावर ठेवून आली. मी विचारलं, त्यांना उत्तर कोण देणार? ती म्हणाली, “जे देतील ते देतील. तू विचारायचं नाही.” मी माझ्या जागेवर येऊन बसले. पुढचं पाकीट एका माणसाचं होतं, ज्याची मोटारबोट कर्जाचे हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून नेली होती.

दोन आठवड्यांनी काकू मंदिरात भेटल्या. म्हणजे मंदिर असं नव्हतंच तेव्हा, एका शाळेचा हॉल महिन्यातून एकदा भाड्याने घ्यायचो. काकू म्हणाल्या, आता फोन येतात. संध्याकाळी जेवायला बसलं की येतात. एक माणूस आहे, काकांना नावाने हाक मारतो, नुसत्या नावाने, आणि म्हणतो घर आहे ना तुमचं, मग पैसे नाहीत कसे? “हे त्याला सर म्हणतात,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं फोन काढून टाका. तर म्हणतात नोकरीसाठी कुणी फोन केला तर?”

मला सांगायचं होतं की एका ओळीचं पत्र लिहा, ‘यापुढे कुठलाही संपर्क करू नका’, की फोन थांबतील. पण असं पत्र आलेली खाती ऑफिस बहुतेक वेळा सरळ वकिलाकडे पाठवायचं, हेही मी बघितलेलं होतं. कोर्टाची नोटीस दारात आली असती. कुठलं बरं, मला ठरवता आलं नाही. मी काकूंचा हात धरून उभी राहिले. त्यांना वाटलं मला वाईट वाटतंय.

काकांनी त्या बाईला आणखी एक पत्र लिहिलं. ते माझ्या टेबलाच्या नावाने आलं म्हणून माझ्याच ट्रेमध्ये पडलं. फाइल माझी नव्हती, त्यामुळे ते न उघडता मोठ्या खोलीत द्यायचं होतं. मी नेऊन दिलं. तिथल्या मुलाने फोन खांद्याला लावलेला होता, त्याने बघितलंही नाही.

हिवाळ्यात काकांना नॉर्थ कॅरोलिनात नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी, पण नोकरी. त्यांनी नोव्हायचं घर विकलं. त्या वर्षी भाव पडलेले होते. जे हातात आलं त्यातून एजन्सीला एकरकमी देऊन ते मोकळे झाले. काही सूट मिळाली का मला माहीत नाही, मी विचारलं नाही. आजी तेव्हा सांगलीत काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. त्यांनी काकांना पत्रात लिहिलं होतं की अमेरिकेतलं हॉस्पिटल फार चांगलं, दारात कुणी पैशाचं नाव काढलं नाही. काकांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं.

सामान हलवायच्या दिवशी मी पोळ्या घेऊन गेले. काका गॅरेजमध्ये खोक्यांना टेप लावत होते. काकू आणि मुलगी आत होत्या. व्यवहार मिटला होता, खातं बंद झालं होतं, तरी सही केलेली होती, बोलायचं नव्हतं. मी बोलले. म्हटलं, काका, ते ऑफिस म्हणजे मी जिथे जाते तेच. ती बाई कुणी नाही. पत्रं मी पाठवायची. काही दिवस. मग माझ्याकडून काढून घेतलं.

ते टेपचा रोल हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं तिची बदली झाली.”

“नाही.”

“म्हणजे माझी सगळी पत्रं तू वाचलीस.”

“हो. शेवटचं सोडून.”

ते खाली वाकून खोक्याची कड दाबत राहिले. मला वाटलं रागावतील, किंवा विचारतील, मग काही केलं का नाहीस? त्यांनी विचारलं, “इंग्रजी बरं होतं ना माझं?”

मी हो म्हटलं. खूप चांगलं होतं म्हटलं. ते म्हणाले, “फोनवर त्या माणसाशी बोलताना सुचायचं नाही काही. लिहिताना सुचायचं.” मग आवाज खाली करून म्हणाले, “हे आत काकूला सांगू नकोस. तिचा जीव आहे तुझ्यावर.”

संध्याकाळी ते तिघं आमच्याकडेच जेवले, कारण त्यांची भांडी बांधून झाली होती. काकूंनी दोनदा आमटी मागून घेतली. नवरा आणि काका नकाशा उघडून ओहायोतून जावं की वळसा घालावा यावर बोलत बसले. निघताना काकांनी नेहमीसारखं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. विसरले असतील, ट्रकच्या किल्ल्या शोधत होते.

नोकरी मी सोडली नाही. नवऱ्याचा पगार पुन्हा पूर्ण व्हायला आणखी बराच काळ गेला, तोवर मी तिथेच होते, त्याच टेबलावर, त्याच सहीने.